शरणपूर ते राबाई: केनियाच्या मिशन ट्रिपला पहिल्यांदाच निघालेल्यांसाठी

केनियाला मिशन ट्रिपला जायचं ठरलं की तरुण संघाच्या बैठकीत पहिला प्रश्न निघतो तो विमानाच्या तिकिटाचा. कितीला पडेल, कधी स्वस्त मिळेल, खिडकीची जागा कोणाला. खरं तर तिकीट हे बरंच नंतरचं काम. त्याआधीची कामं उरकली नाहीत तर सहारच्या विमानतळावर काउंटरसमोरच प्रार्थनासभा भरवायची वेळ येते.

हे मार्गदर्शन नाशिक, नगर, पुणे, जालना, वसई अशा ठिकाणच्या मंडळ्यांमधून केनियाच्या किनाऱ्यावर दोन-तीन आठवड्यांसाठी जाणाऱ्यांसाठी आहे. मोम्बासा, राबाई, किलिफी हा तो पट्टा. नैरोबी किंवा किसुमूकडे जाणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. शुल्क आणि नियम बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळ एकदा स्वतः उघडून पाहा.

पहिली पायरी: बोलावलंय कोणी?

आपल्या मनात आलं म्हणून जाणं वेगळं आणि तिथल्या मंडळीने बोलावलं म्हणून जाणं वेगळं. लेखी आमंत्रण हातात नसेल तर पुढचं काही करू नका.

सीएनआयच्या मंडळ्यांना हे तसं सोपं जातं. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया आणि अँग्लिकन चर्च ऑफ केनिया, दोन्ही जागतिक अँग्लिकन परिवारातल्याच, त्यामुळे बिशपांचं बिशपांना पत्र जाऊ शकतं. कॅथलिकांनी मोम्बासा महाधर्मप्रांताशी किंवा तिथे काम करणाऱ्या संघांच्या फादर-सिस्टरांशी बोलावं. स्वतंत्र मंडळ्यांनी जास्त सावध राहावं. फेसबुकवर ओळख झालेल्या पाळकांनी अगत्याने बोलावलं तरी त्यांच्या मंडळीच्या नोंदणीची प्रत मागा. केनियात मंडळ्यांची नोंदणी सोसायट्यांच्या निबंधकांकडे होते. प्रामाणिक माणसाला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

ही सावधगिरी किनाऱ्यावर दुप्पट लागते, आणि त्याला कारण आहे. एप्रिल २०२३ मध्ये किलिफी काउंटीतल्या शाकाहोला जंगलात पुरलेली प्रेतं सापडू लागली. उपाशी मेलात तर प्रभूला भेटाल, असं शिकवणाऱ्या एका पंथाचे ते अनुयायी होते. चारशेहून जास्त मृतदेह निघाले, त्यांत लहान मुलंही. तेव्हापासून त्या भागात बाहेरून आलेल्या, अनोळखी प्रचारकाकडे पोलीस आणि गावकरी दोघंही संशयाने पाहतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. म्हणून तुमच्या यजमान पाळकांनी गावच्या चीफला, म्हणजे सरकारने नेमलेल्या स्थानिक अधिकाऱ्याला, तुमच्या येण्याची आगाऊ खबर दिलेली असावी. हे झालंय का, असं स्पष्ट विचारा.

आमंत्रणाच्या पत्रात तारखा, कामाचं स्वरूप, राहण्याचा पत्ता, यजमानांचा फोन आणि प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं हवं. आपल्याकडे घोळ इथेच होतो. घरी सॅम्युएल, बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर शमुवेल, आणि पासपोर्टवर मध्ये वडिलांचं नाव. पत्र, अर्ज, तिकीट, लसीचं कार्ड, सगळीकडे पासपोर्टचंच स्पेलिंग.

आता काम काय करायचं ते. "आम्ही येऊन सुवार्ता सांगू" हे काम नव्हे. केनियातले बहुसंख्य लोक ख्रिस्तीच आहेत आणि त्यांचे प्रचारक तुमच्या-आमच्यापेक्षा बरे बोलतात. "तुम्हाला काय हवंय?" असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. शिलाई मशीन दुरुस्त करणारा, हिशेब लिहायला शिकवणारा, रविवारच्या शाळेच्या शिक्षिकांबरोबर आठवडाभर बसणारी बाई, यांची बहुधा खरी गरज असते. अनाथाश्रमात आठवडाभर मुलांशी खेळायला जाण्याचा बेत मात्र सोडून द्या. केनिया सरकारचं धोरणच आता मुलांना संस्थेतून कुटुंबात परत नेण्याचं आहे. शिवाय दर पंधरा दिवसांनी नवे पाहुणे येऊन लळा लावून जातात, हे त्या मुलांना सोसायचं असतं, आपल्याला नाही.

दुसरी पायरी: प्रवेशाची कागदपत्रं

पासपोर्ट पोहोचण्याच्या तारखेपासून पुढे किमान सहा महिने वैध असावा. नूतनीकरण करायचं असेल तर सगळ्यांत आधी करा, कारण पुढच्या प्रत्येक कागदावर त्याचा नंबर येतो.

जानेवारी २०२४ पासून केनियाने जुनी व्हिसा पद्धत बंद करून ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, सुरू केली. अर्ज घरबसल्या होतो. फोटो, परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि आमंत्रणपत्र जोडायचं. मूळ शुल्क तीस डॉलर होतं. लहान मुलांचाही वेगळा अर्ज करावा लागतो. हुबेहूब सरकारी दिसणारी दलालांची संकेतस्थळं पुष्कळ आहेत, तीच परवानगी ती दुप्पट पैशांत विकतात.

भेट देणं, उपासनेला बसणं, ओळखी करून घेणं एवढंच असेल तर ईटीए पुरतं. पण शिकवणं, दवाखाना चालवणं, बांधकाम करणं हे बिनपगारी असलं तरी तिथल्या कायद्याच्या नजरेत काम ठरू शकतं. थोड्या दिवसांसाठी स्पेशल पास मिळतो आणि दीर्घ मुदतीच्या धार्मिक-धर्मादाय कामासाठी क्लास आय परवाना असतो. दोन्हींसाठी हालचाल यजमान संस्थेने करायची. "आम्ही टुरिस्ट म्हणूनच येतो, कोण विचारतंय" असं सुचवणारा एखादा तुमच्या गटातही निघेल. त्याला गप्प करा. प्रभूच्या कामाला खोट्या कारणाने जाणं मला पटत नाही, आणि अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं तर त्रास यजमान मंडळीला होतो.

वैद्यकीय शिबिर काढायचं असेल तर आणखी एक टप्पा आहे. परदेशी डॉक्टरांना केनियाच्या वैद्यकीय परिषदेचा तात्पुरता परवाना लागतो. औषधांच्या खोक्यांसाठी तिथल्या औषध नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. त्यामुळे औषधं इथून नेण्यापेक्षा मोम्बासात घेतलेली परवडतात.

तिसरी पायरी: लस आणि मलेरिया

पिवळ्या तापाची लस हा या प्रवासातला खरा खड्डा आहे. भारतातून थेट येणाऱ्याकडे केनिया हे कार्ड सहसा मागत नाही, म्हणून लोक गाफील राहतात. कार्ड मागतो तो आपलाच देश, परत येताना. भारतात पिवळा ताप नाही, पण तो पसरवणारा डास भरपूर आहे. म्हणून केनियासारख्या देशातून वैध कार्डाशिवाय आलेल्याला विमानतळावरून घरी न सोडता सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं.

लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली चालत नाही. केंद्रात आधी वेळ घ्या आणि पासपोर्ट बरोबर न्या. कार्ड लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतं. २०१६ पासून ते जन्मभर चालतं, तेव्हा ते पासपोर्टबरोबरच जपून ठेवा. साठीच्या पुढचे, गरोदर स्त्रिया, अंड्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेले आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. अशांना लस न देण्याचा निर्णयही होऊ शकतो, मग जायचं की नाही हे त्यावरून ठरेल.

मलेरिया हा दुसरा विषय. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी. किनाऱ्यावर तो बारा महिने असतो आणि बहुतेक फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे अंगावर काढण्यासारखा नव्हे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टर लिहून देतील. त्या निघण्याआधी सुरू होतात आणि परतल्यावरही चालू ठेवायच्या असतात, काही तर चार आठवडे. "आमच्याकडे डास काय कमी आहेत" हा युक्तिवाद इथे चालत नाही. योहान लुडविग क्राफ हे जर्मन मिशनरी १८४४ मध्ये मोम्बासाला उतरले आणि त्याच वर्षी त्यांची पत्नी रोझिना आणि नुकतीच जन्मलेली मुलगी तापाने गेली. त्या काळी त्यांच्याकडे उपाय नव्हता.

प्रवास विम्यात आजारपणात हलवण्याचा खर्च धरलाय का आणि स्वयंसेवेचं काम वगळलंय का, एवढे दोन मुद्दे नक्की वाचा.

चौथी पायरी: पैसे

परकीय चलनाच्या नोटा एका प्रवासात माणशी तीन हजार डॉलरपर्यंत नेता येतात, एवढे लागत नाहीत. थोडे रोख डॉलर आणि बाकीचे फॉरेक्स कार्डावर. नोटा नव्या आणि कोऱ्या हव्यात, जुन्या किंवा लिहिलेल्या नोटा तिथे नाकारतात.

तिथे रोजचा व्यवहार एम-पेसावर चालतो. मोबाइलवरून पैसे देण्याची ही पद्धत केनियात २००७ पासून आहे, आपल्या यूपीआयच्या कितीतरी आधी. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड घ्या आणि खातं उघडून घ्या, म्हणजे भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळं सुटसुटीत होतं.

मंडळीने गोळा केलेली देणगी ट्रस्टच्या खात्यातून परदेशी पाठवायची असेल तर आधी सीएला विचारा. ट्रस्टचे नियम वेगळे आणि कडक आहेत. ती रक्कम गटातल्या कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यातून फिरवू नका.

पाचवी पायरी: बॅग भरताना

ऑगस्ट २०१७ पासून केनियात प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे आणि दंड जबर आहे. आपल्या बॅगेत तर सगळंच कॅरीबॅगमध्ये: चपला, ओले टॉवेल, आत्याने दिलेला चिवडा. चिवडा डब्यात भरा, कपडे कापडी पिशव्यांत. ड्यूटी-फ्रीची पिशवी विमानातच सोडा.

लष्करी नक्षीचे कपडे नेऊ नका, सामान्य नागरिकांना तिथे ते घालायला मनाई आहे. बिया, रोपं, ताजी फळं नकोत. प्लग तिथे तीन चौकोनी पिनांचा असतो, त्याचा अडॅप्टर मुंबईतच घ्या. मच्छरदाणी, ओआरएस, टॉर्च आणि स्वतःची औषधं चिठ्ठीसह हातातल्या बॅगेत.

आणि जुने कपडे! प्रत्येक मंडळीत कोणीतरी दोन गोण्या आणून देतंच. केनियात वापरलेल्या कपड्यांचा, मितुम्बाचा, मोठा बाजार आहे आणि हजारो लोकांचं पोट त्यावर चालतं. तुमच्या गोण्यांची तिथे गरज नाही. स्वाहिली बायबलंही तिथे छापली आणि विकली जातात. वजन वाचवा.

सहावी पायरी: प्रत्यक्ष प्रवास

नाशिककरांनी कसाऱ्याच्या वाटेवर, विशेषतः पावसाळ्यात, भरपूर वेळ हाताशी ठेवावा. मुंबईत इमिग्रेशनचा अधिकारी विचारेल: कुठे, कशासाठी, खर्च कोणाचा, परत कधी. सगळ्यांनी खरं आणि सारखंच सांगावं. ईटीए, आमंत्रणपत्र आणि परतीचं तिकीट छापील हवं, कारण नेमक्या वेळी फोनची बॅटरी संपते.

मुंबई-नैरोबी थेट विमान साधारण सहा तासांचं. अदिस अबाबा किंवा आखातातून गेलात तर तिकीट कधी स्वस्त पडतं, पण अर्धा दिवस जातो. गटात वयस्कर मंडळी असतील तर मी थेटच घेईन. नैरोबीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे, त्यामुळे पहिल्या दिवशी सगळेच पहाटे उठून बसतात.

नैरोबीहून मोम्बासाला विमानाने जाता येतं, पण जमलं तर रेल्वेने जा. २०१७ मध्ये सुरू झालेली मदाराका एक्सप्रेस हे सुमारे पावणेपाचशे किलोमीटर पाच-सहा तासांत कापते. जानेवारी २०२४ च्या भाडेवाढीनंतर साध्या डब्याचं भाडं १,५०० शिलिंग झालं. ऑनलाइन बुकिंगचे पैसे एम-पेसाने भरावे लागतात, म्हणून तिकीट यजमानांकडूनच काढून घ्या. स्टेशन शहराबाहेर आहे आणि तपासणी कडक असते: बॅगा रांगेत मांडायच्या, कुत्रा वास घेत जातो, मग स्कॅनर. तासभर आधी पोहोचा, पासपोर्ट हातात ठेवा. दिवसाची गाडी घेतलीत तर त्सावोच्या जंगलात लाल मातीने माखलेले हत्ती खिडकीतून दिसण्याची बरीच शक्यता.

मोम्बासाला उतरलं की दमट वारा, नारळ, आंबे, आणि रस्त्यावर बजाजच्या रिक्षा. कोकणातून आलेल्याला परकं वाटणारच नाही. बोडाबोडा, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, मात्र टाळा, रात्री तर नक्कीच.

दोन जागा पाहिल्याशिवाय कामाला लागू नका

मोम्बासा बेटासमोर उत्तरेच्या बाजूला फ्रेअर टाउन आहे. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेअर यांच्या नावाने १८७५ च्या सुमारास सीएमएस (चर्च मिशनरी सोसायटी) या इंग्रजी मिशनने गुलामीतून सोडवलेल्या लोकांसाठी ही वस्ती वसवली. तिथे राहायला आणि काम करायला आलेल्यांत नाशिकचे लोक होते. इंग्रजी आरमाराने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलं मुंबईला उतरवली जात आणि त्यांतली अनेक नाशिकजवळच्या शरणपूरला मिशनच्या आश्रमात वाढली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं तिथेच शिकली. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' म्हणत.

विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे १८६४ मध्येच राबाईला गेले होते, फ्रेअर टाउनच्याही आधी. जोन्स आणि सेमलर यांना १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी डीकन म्हणून दीक्षा दिली. नाशिकलाच शिकलेला जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या शेवटच्या प्रवासात होता. १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारले तेव्हा अंत्यविधीची प्रार्थना त्याने वाचली आणि पुढे मृतदेहाबरोबर तो थेट इंग्लंडपर्यंत गेला.

फ्रेअर टाउनची घंटा आजही चौकात उभी आहे, त्या भागाचं केंगेलेनी हे नावही तिच्यावरूनच पडलंय. राबाई तिथून तासाभरावर. क्राफ यांनी १८४६ मध्ये तिथे काम सुरू केलं होतं, आता संग्रहालय आहे. यजमानांना सांगून पहिल्या दोन दिवसांतच या दोन्ही जागा पाहा. महाराष्ट्रातून या किनाऱ्यावर मिशनचं काम करायला गेलेले पहिले लोक आफ्रिकनच होते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर आपल्या गटातला "आम्ही मदत करायला आलोय" हा सूर आपोआप खाली येतो.

सातवी पायरी: तिथे वागायचं कसं

कोणी "ब्वाना असिफिवे!" म्हणालं की "आमीन" म्हणायचं. आपल्या "प्रभूची स्तुती असो"सारखंच ते, दिवसातून शंभरदा ऐकाल. रविवारची उपासना तीन तास सहज चालते. पाहुण्यांना उभं करून दोन शब्द बोलायला लावतात, खरोखर दोनच बोला. गावाकडे कोणी अर्पणात कोंबडी किंवा मका आणला तर त्याचा तिथेच लिलाव होतो. हंगामाच्या उपकारस्तुतीला आपल्याकडे होतो तसाच, तेव्हा खिशात सुट्टे शिलिंग ठेवा आणि बोली लावा.

स्त्रियांना पंजाबी ड्रेस उत्तम, रविवारी साडी नेसलीत तर फोटोसाठी रांग लागेल. किनाऱ्यावर मुस्लिम वस्ती मोठी आहे आणि शेजारधर्म जुना आहे. मशिदीजवळ पत्रकं वाटण्याचा उत्साह दाखवू नका, तुम्ही गेल्यावर त्याचे परिणाम तिथल्या पाळकांना भोगावे लागतात.

तुम्हाला 'मुहिंदी' म्हणतील. भारतीय म्हणजे दुकानदार किंवा मालक, असा तिथला अनेक पिढ्यांचा अनुभव आहे, काही गोड, काही कडू. किंमत जास्त सांगितली किंवा कोणी तुटक बोललं तर मनाला लावून घेऊ नका.

जेवणाची काळजी नको. सकाळी महामरी, म्हणजे वेलदोडा-नारळाची तळलेली पुरी, आणि बरोबर म्बाझी, नारळाच्या रसातली तूर. चपाती आहे, दुधाचा चहा आहे. उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, हाताने खायची, आधी तांब्याने हातावर पाणी घालतात. पाणी मात्र बाटलीतलं किंवा उकळलेलंच.

मुलांचे फोटो पालकांना किंवा शाळेला विचारल्याशिवाय काढू नका आणि नावानिशी टाकू नका. पोलीस, लष्कर, सरकारी इमारती यांचे तर मुळीच नकोत. पैशाची मागणी कोणी एकट्याने गाठून केली तर "पाळकांशी बोला" एवढंच उत्तर सगळ्या गटाने द्यायचं.

परतीची तयारी

पिवळ्या तापाचं कार्ड हातातल्या बॅगेत घ्या, चेक-इनच्या सामानात नको. मुंबईला आरोग्य तपासणीचा टेबल इमिग्रेशनच्या आधी येतो आणि सामान त्यानंतर मिळतं.

खर्चाचा हिशेब पावत्यांसह मंडळीपुढे पहिल्या महिन्यातच ठेवा आणि त्याची प्रत यजमान मंडळीलाही पाठवा. त्यांच्याकडे काय पोहोचलं हे त्यांनाही कळायला हवं.

मलेरियाच्या गोळ्या सांगितलेल्या दिवसापर्यंत घ्या, घरी आल्यावर बहुतेकजण तिसऱ्या दिवशी सोडून देतात. पुढच्या दोन-तीन महिन्यांत कधीही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि डॉक्टरांना पहिलंच वाक्य सांगा: मी केनियाला जाऊन आलोय.